मुंबई इलाख्यातील एक दूरचा ‘जिल्हा’ : केनियाच्या किनारप्रांताचा भूगोल आणि कारभार

पूर्व आफ्रिकेतील केनिया या देशाच्या नकाशावर २०१३ सालापर्यंत ‘कोस्ट प्रॉव्हिन्स’ म्हणजे किनारप्रांत या नावाचा एक प्रांत होता. त्या वर्षीच्या मार्च महिन्यातील निवडणुकांनंतर नवी काउंटी-पद्धती अमलात आली आणि मोंबासा, क्वाले, किलिफी, ताना रिव्हर, लामू व टाइटा-टावेटा अशा सहा काउंट्यांत तो विभागला गेला. एक प्रशासकीय घटक म्हणून हा प्रांत आता अस्तित्वात नाही. परंतु ज्या प्रश्नांनी त्याचा शंभर वर्षांचा कारभार ग्रासला होता, ते प्रश्न काउंट्यांच्या वाट्याला जसेच्या तसे आले आहेत. त्यांतील सर्वांत जुना आणि सर्वांत बिकट प्रश्न जमिनीचा आहे.

या किनाऱ्याचा इतिहास बहुधा समुद्राच्या बाजूने लिहिला जातो. गलबते, मोसमी वारे, हस्तिदंत, गुलामांचा व्यापार, पोर्तुगीज आणि ओमानी सत्ता हे त्याचे नेहमीचे विषय होत. प्रस्तुत लेखात तो जमिनीच्या बाजूने, आणि त्यातही एका विशिष्ट रेषेच्या अनुषंगाने पाहावयाचा आहे. भरतीच्या पाण्याच्या रेषेपासून दहा सागरी मैल आत अशी ही रेषा १८८६ मध्ये युरोपीय सत्तांनी कागदावर ओढली. तिला भूगोलात आधार नव्हता आणि तेथील लोकांच्या वहिवाटीतही नव्हता. असे असूनही पुढील काळात कोणाची मालकी लागावी आणि कोणी पिढ्यान्‌पिढ्या कसूनही बेकायदा ठरावे, याचा निवाडा मोठ्या प्रमाणावर या रेषेने केला. ही रेषा प्रत्यक्ष जमिनीवर उतरवण्याचे काम ज्या कायद्यांनी आणि ज्या न्यायव्यवस्थेने केले, तिची मुळे मुंबई इलाख्यात होती. मराठीच्या अभ्यासकाने या दूरच्या प्रांताकडे वळण्याचे ते एक सबळ कारण आहे.

प्रथम भूगोल पाहू. सोमालियाच्या सीमेजवळील किउंगापासून टांझानियाच्या सीमेवरील वांगापर्यंत हा किनारा ५०० किलोमीटरांहून अधिक लांब आहे. किनाऱ्याला समांतर प्रवाळाची रांग आहे. ती भरतीच्या लाटा अडवते आणि आत उथळ, शांत पाण्याचा पट्टा तयार होतो. जेथे नद्यांचे गोडे व गढूळ पाणी समुद्रात येते तेथे प्रवाळ वाढत नाही आणि रांग तुटते. मालिंदीच्या उत्तरेस साबाकी नदीच्या मुखाशी आणि त्याही पलीकडे तानाच्या मुखाशी असेच झाले आहे. मोंबासा, म्ट्वापा, किलिफी, मिडा या खाड्या जमिनीत खोलवर शिरल्या आहेत. खाड्यांच्या काठी खारफुटी आहे, तिच्यामागे माड, काजू आणि आंबा. कोकणातून जाणाऱ्याला येथवरचा देखावा परका वाटणार नाही. फरक पडतो तो त्याच्या मागे.

कोकणात खलाटी संपली की वलाटी, आणि वलाटीनंतर पावसाला अडवून धरणारा सह्याद्री उभा राहतो. केनियाच्या किनाऱ्यामागे असा सह्याद्री नाही. किनारी सखल पट्ट्यामागे शिंबा टेकड्या आणि त्यांच्या उत्तरेस राबाई, रिबे, जिबाना यांच्या ठेंगण्या टेकड्यांची ओळ आहे. तीही काही शे मीटर उंचीची. किनाऱ्यावर वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास, दक्षिणेकडे त्याहूनही अधिक पाऊस पडतो. टेकड्यांवरही बरा पडतो. टेकड्या ओलांडल्या की तो झपाट्याने निम्म्यावर येतो आणि काटेरी झुडपांचा कोरडा मुलूख सुरू होतो. या मुलखाला स्वाहिली भाषेत ‘न्यिका’ म्हणतात. जंगल, माळ आणि ओसाडी या तिन्ही छटा या एका शब्दात आहेत. किनाऱ्यावरील शहरांतील लोक टेकड्यांवरच्या शेतकऱ्यांनाही ‘वान्यिका’, म्हणजे रानातले लोक, म्हणत असत. या संबोधनातला तुच्छभाव पुढे सरकारी दप्तरातही शिरला.

वस्तुतः हे ‘रानातले लोक’ म्हणजे नऊ समाजांचा समूह होता. गिरियामा, डिगो, दुरुमा, राबाई, रिबे, कांबे, जिबाना, चोन्यी आणि काउमा. ‘मिजिकेंडा’, म्हणजे नऊ गावे, हे त्यांचे एकत्रित नाव विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास रूढ झाले. टेकड्यांवरील दाट झाडीत त्यांची तटबंदीची वसतिस्थाने होती. त्यांना ‘काया’ म्हणतात. (या शब्दाचा आपल्या ‘काये’शी संबंध नाही. त्याचा अर्थ घर, वसती असा आहे.) एकोणिसाव्या शतकात लोक कायांतून बाहेर पडून पसरू लागले. काही न्यिकाकडे गेले, काही समुद्राच्या बाजूने उतरून सखल पट्ट्यात मका, ज्वारी करू लागले. काया मात्र पूर्वजांची, शपथांची आणि वडीलधाऱ्यांच्या सभेची जागा म्हणून टिकल्या. २००८ मध्ये या पवित्र वनांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

ताना नदीचा पूरप्रदेश आणि पश्चिमेकडील टाइटा टेकड्या ही या प्रांताची आणखी दोन निराळी अंगे. सुमारे हजार किलोमीटर वाहत येणारी ताना देशातील सर्वांत लांब नदी आहे. तिच्या काठी पोकोमो शेतकरी पुराच्या ओलीवर पीक घेतात आणि कोरड्या ऋतूत ओर्मा पशुपालक त्याच काठावर गुरे घेऊन येतात. या दोन हक्कांचा मेळ घालणे कोणत्याही राजवटीला नीटसे जमलेले नाही. टाइटा-टावेटा तर किलिमांजारोच्या पायथ्यापर्यंत पोहोचते. समुद्राशी त्याचे नाते प्रशासकीय सोयीपुरतेच. सुमारे ८० हजार चौरस किलोमीटरांच्या या प्रांताची लोकसंख्या २००९ च्या जनगणनेत ३३ लाखांच्या आसपास होती. २०१९ मध्ये सहा काउंट्यांची मिळून ती ४३ लाखांवर गेली. त्यांपैकी १२ लाख लोक एकट्या मोंबासा काउंटीत, म्हणजे एक बेट आणि त्याच्या सभोवारच्या थोड्याशा भूमीवर राहतात.

ब्रिटिशपूर्व सत्तांविषयी येथे थोडक्यातच लिहितो, कारण त्यांचा अंमल मुख्यतः बंदरांपुरता होता. १४९८ मध्ये वास्को द गामा मालिंदीस थांबला आणि तेथून वाटाड्या घेऊन कालिकतला आला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. मोंबासाचा येशूचा किल्ला, म्हणजे फोर्ट जीझस, १५९३ पासून बांधण्यात आला. त्याचा आराखडा करणारा जोव्हान्नी बात्तिस्ता काइराती हा इटालियन स्थापत्यकार पोर्तुगीज भारताचा मुख्य अभियंता होता. किल्ल्याचा कप्तान गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली असे. मोंबासाच्या राजघराण्यातील युसुफ बिन हसन या मुलाला गोव्यास नेऊन, तेथे ख्रिस्ती करून, ऑगस्टीनियन धर्मगुरूंच्या देखरेखीखाली शिकवण्यात आले. १६२६ मध्ये त्याला दोम जेरोनिमो या नावाने गादीवर बसवले. पाच वर्षांनी, १६३१ मध्ये, याच युसुफने किल्ल्यात शिरून कप्तानाला ठार केले आणि पुन्हा इस्लामचा स्वीकार केला. गोव्यातील शिक्षणाचा हा परिणाम तेथील अधिकाऱ्यांना अनपेक्षित असला, तरी वसाहतींच्या इतिहासात अपवादात्मक म्हणता येणार नाही. पुढे ओमानी अरबांनी मार्च १६९६ पासून या किल्ल्याला वेढा घातला. गोव्याहून कुमक येत राहिली, तरी डिसेंबर १६९८ मध्ये किल्ला पडला.

ओमानी सत्तेने बंदरोबंदरी ‘वाली’ नेमले. स्वाहिलीत त्याचाच ‘लिवाली’ झाला. मोंबासाचे मझरुई घराणे मूळचे असेच अधिकारी, पण ते स्वतंत्रपणे वागू लागले. १८३७ मध्ये सय्यद सईद या सुलतानाने त्यांना नमवल्यावर त्या घराण्याच्या शाखा किनाऱ्यावर इतरत्र, ताकाउंगू आणि गाझी येथे गेल्या. सुलतान झांजीबारात राहून जकात वसूल करी, आणि ती जकातही दीर्घकाळ कच्छी भाटियांच्या जयराम शिवजी पेढीकडे मक्त्याने होती. सुलतानाचा अंमल आत किती मैल होता, या प्रश्नाला त्या काळी उत्तर नव्हते. वाटा, विहिरी आणि मिजिकेंडांच्या वडीलधाऱ्यांशी केलेले करार यांनी तो ठरत असे. काही ठिकाणी तो बाजारपेठेच्या वेशीपाशी संपे, तर काही ठिकाणी काफिल्याबरोबर शेकडो मैल आत जाई.

या अनिश्चिततेचे निश्चितीत रूपांतर करण्याची निकड युरोपला भासली. ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनी यांचा एक संयुक्त आयोग सुलतानाच्या राज्याची हद्द ठरविण्यासाठी किनाऱ्यावर फिरला. त्यातील ब्रिटिश सदस्य होता हर्बर्ट किचनेर, जो पुढे भारताचा सरसेनापती झाला. १८८६ च्या अखेरीस ब्रिटन व जर्मनी यांच्यात करार झाला आणि बेटांखेरीज मुख्य भूमीवर सुलतानाचा हक्क दहा मैलांच्या पट्टीपुरता मान्य करण्यात आला. सुलतान बर्गश याला हे मान्य करण्यावाचून गत्यंतर नव्हते. हे दहा मैल मोजण्यात कोणतेही भौगोलिक तत्त्व नव्हते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. काही ठिकाणी ही रेषा टेकड्यांच्या अलीकडे राहते, काही ठिकाणी त्यांना छेदून जाते. एकाच कुळाचे घर एका बाजूला आणि शेत दुसऱ्या बाजूला असेही होणार होते. परंतु वाटाघाटीच्या मेजावर दहा हा आकडा सोयीचा होता.

१८८७ मध्ये सुलतानाने या पट्टीचा कारभार एका ब्रिटिश व्यापारी मंडळाला मक्त्याने दिला. तेच पुढे सनद मिळवून ‘इंपीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनी’ झाले. ही कंपनी लवकरच डबघाईला आली. १८९५ मध्ये ब्रिटिश सरकारने ‘ईस्ट आफ्रिका प्रोटेक्टोरेट’ घोषित करून कारभार हाती घेतला आणि डिसेंबरात सुलतानाशी स्वतंत्र करार केला. पट्टीवरील सार्वभौमत्व सुलतानाचेच राहील, कारभार ब्रिटिश करतील, आणि त्याबद्दल सुलतानाला दरसाल ११ हजार पौंड भाडे व शिवाय दोन लक्ष पौंडांवरील व्याजापोटी ६ हजार पौंड मिळतील, असे ठरले. म्हणजे किनारा हा ब्रिटिशांनी जिंकलेला नव्हता, भाड्याने घेतलेला होता. त्याच वर्षी मझरुई घराण्यातील वारसाच्या तंट्यात अधिकाऱ्यांनी हस्तक्षेप केल्यामुळे बंड पेटले. गाझीच्या म्बारुक बिन रशीदने ते महिनोन्‌महिने लढवले आणि ते मोडण्यासाठी १८९६ मध्ये मुंबई सैन्यातील पायदळ मोंबासास उतरवावे लागले.

सैन्याच्या जोडीने कायदाही तेथूनच आला. १८९७ च्या राजाज्ञेने हिंदुस्थानातील अनेक कायदे या संरक्षित प्रदेशास लागू झाले. फौजदारी दंडसंहिता, फौजदारी व दिवाणी कार्यपद्धती, पुराव्याचा कायदा, कराराचा कायदा ही सारी चौकट तेथे उभी राहिली. या कायद्यांपुरता हा मुलूख मुंबई इलाख्यातील एखादा जिल्हा आहे असे धरून चालावे, ही त्यामागची कल्पना होती. झांजीबारमधील ब्रिटिश वकिलातीच्या न्यायालयासाठी ती त्याआधीच रूढ झाली होती. वरचे अपील मुंबईच्या उच्च न्यायालयात जाई. १९०२ मध्ये पूर्व आफ्रिकेचे स्वतंत्र अपील न्यायालय स्थापन होईपर्यंत ही व्यवस्था होती. चलन हिंदुस्थानी रुपयाचे होते. १९२० मध्ये फ्लोरिन व लगोलग शिलिंग येईपर्यंत ते टिकले. दंडसंहिता १९३० पर्यंत चालू राहिली. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा तर केनियात २०१२ पर्यंत लागू होता.

भाषेच्या अभ्यासकाला यात एक गंमत दिसेल. स्वाहिलीत एक लाखाला ‘लाकी’, गाडीला ‘गारी’ आणि विम्याला ‘बिमा’ म्हणतात. हे शब्द किनाऱ्यावर बाजाराच्या आणि कचेरीच्या वाटेने आले. माणसे ज्या व्यवहारात गुंतलेली असतात त्याचे शब्द भाषा विनातक्रार घेते. कायद्याचे मात्र तसे होत नाही. बंगालमधील कायमधाऱ्याच्या आणि मुंबईतील रयतवारीच्या अनुभवातून घडलेल्या मालकीविषयीच्या कल्पना येथे आल्या, तेव्हा ज्यांच्याविषयी त्या लागू झाल्या त्यांना त्या कळण्याचीही सोय नव्हती.

मुंबई इलाख्यातून या किनाऱ्यावर आलेला आणखी एक लोकसमूह आहे. त्याची आठवण महाराष्ट्रात जवळजवळ पुसली गेली आहे. हिंदी महासागरात ब्रिटिश नौदलाने गुलामवाहू गलबतांवरून सोडवलेल्या काही आफ्रिकी मुलांना मुंबईस आणले जाई आणि नाशिकजवळ शरणपूर येथील चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रमात ठेवले जाई. तेथे त्यांना लेखनवाचन आणि सुतारकाम, लोहारकाम अशी कामे शिकवीत. लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या प्रवासात असलेली ‘नासिक बॉईज’ ही तीच मुले. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे त्यांतील दोघे १८६० च्या दशकातच मोंबासाजवळील राबाई येथे मिशनच्या कामासाठी गेले. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या शिष्टाईमागून १८७३ मध्ये झांजीबारच्या सुलतानाने समुद्रमार्गे होणारा गुलामांचा व्यापार बंद करण्याचा तह केला. त्यानंतर मोंबासासमोर मुक्त गुलामांची जी वसाहत झाली तिला ‘फ्रियर टाउन’ हे नाव पडले. नाशिकहून आलेल्या या ‘बॉम्बे आफ्रिकन्स’नी ती वसाहत आणि राबाईचे मिशन चालवण्यात मोठा वाटा उचलला. राबाईत तर किनाऱ्यावरील मळ्यांतून पळून आलेले गुलामही आश्रयाला येत. मालक मिशनवर चालून येण्याची वेळ आली, तेव्हा कंपनीने त्यांना भरपाई देऊन १८८९ च्या आरंभी सुमारे १४०० जणांना मुक्ततेचे दाखले दिले. जोन्स १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टनबरोबर युगांडाच्या वाटेवर होता. बिशपच्या हत्येनंतर वाचलेल्यांना घेऊन तो परतला. इतके असूनही गोऱ्या मिशनऱ्यांनी त्याला बरोबरीने वागवले असे दिसत नाही. या माणसांविषयी मराठीत स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली ती १९०७ मध्ये. मळ्यांवरचे जे लोक मुक्त झाले त्यांपैकी पुष्कळांनी त्याच जागी किंवा शेजारच्या पडीत जमिनीवर स्वतःची शेती सुरू केली. टेकड्यांवरून उतरलेले मिजिकेंडाही आसपास कसत होतेच. लगेच दुसऱ्या वर्षी, १९०८ मध्ये, जमीन-हक्क नोंदणीचा कायदा झाला. त्यामागचा उद्देश वरकरणी साधा होता. सुलतानाच्या पट्टीत खासगी मालकी मान्य होती; तेव्हा कोणती जमीन कोणाची हे एकदा ठरवून टाकावे, म्हणजे उरलेली जमीन सरकारला मळेवाल्यांना देता येईल. किनाऱ्यावरील कापूस, नारळ आणि रबर यांच्या लागवडीसाठी तेव्हा युरोपीय भांडवल खटपट करीत होते. हक्क सांगणाऱ्याने मुदतीत अर्ज करावा, नोंदणी अधिकाऱ्यासमोर पुरावा द्यावा आणि दाखला घ्यावा, अशी रीत होती. जिच्यावर कोणी हक्क सिद्ध केला नाही ती जमीन आपोआप राजसत्तेची, म्हणजे सरकारी ठरे.

पुरावा कोणाकडे होता? ज्यांच्याकडे काझीसमोर झालेली खरेदीखते होती, वारसाचे कागद होते, गहाणखते होती, त्यांच्याकडे. म्हणजे अरब व स्वाहिली घराणी आणि त्यांना कर्ज देणारे हिंदी व्यापारी. कायांतील वडीलधाऱ्यांनी तोंडी ठरवलेली वाटणी, पूर्वजांची थडगी, हाताने लावलेली झाडे यांना या व्यवस्थेत पुराव्याची किंमत नव्हती, आणि अख्ख्या समाजाच्या सामूहिक मालकीला तर तीत जागाच नव्हती. मुक्त गुलामांकडे कसल्याच कागदाचा प्रश्न नव्हता. परिणामी पट्टीतील सुपीक जमीन एक तर दाखलेधारकांची झाली किंवा सरकारची. कसणारे दोन्हीकडे ‘स्क्वॉटर’ ठरले. हा शब्द आजही किनाऱ्यावर ऐकू येतो. मराठीत त्याला अतिक्रमक म्हणावे, तर ज्याने आधी जमीन मोडून काढली त्यालाच अतिक्रमक म्हणण्याची पाळी येते. आपल्याकडील ‘कूळ’ हा शब्दही येथे पुरेसा पडत नाही, कारण कुळाचे नाव निदान सातबाऱ्यात लागते.

लामू आणि ताना यांच्या बऱ्याच भागात तर नोंदणीचे काम अर्धवटच सोडून देण्यात आले. तेथे सारीच जमीन सरकारी गृहीत धरली गेली. मोंबासा शहरात त्याहून चमत्कारिक परिस्थिती निर्माण झाली. किनाऱ्याच्या प्रथेत झाड एकाचे आणि जमीन दुसऱ्याची, घर एकाचे आणि जागा दुसऱ्याची असू शकते. ‘जमिनीविना घर’ म्हणून ही पद्धत ओळखली जाते. घरमालक जागेचे भाडे भरतो, घर विकू शकतो, पण जागेवर त्याचा हक्क नसतो. गावात जोवर सर्व जण एकमेकांना ओळखत होते तोवर ही प्रथा माणुसकीची होती. जागेचा मालक दाखल्यावरचे एक नाव झाला आणि ते नाव विकले जाऊ लागले, तेव्हा तीच प्रथा घरे उठवण्याचे साधन बनली.

या व्यवस्थेचा पहिला मोठा स्फोट मात्र पट्टीच्या किंचित बाहेर, गिरियामांच्या मुलखात झाला. मळ्यांना आणि बंदराला मजूर हवे होते. झोपडीपट्टी लावूनही गिरियामा मजुरीला येत नव्हते, कारण त्यांची शेती बरी चालत होती. (झोपडीपट्टी हा येथे कराचा प्रकार आहे, झोपडीवरची पट्टी. आजच्या मराठीत त्या शब्दाला वेगळाच अर्थ आला आहे.) साबाकी नदीच्या उत्तर तीरावर ते उत्तम मका पिकवीत. सरकारने त्यांना तेथून हलवायचे ठरवले. १९१३ मध्ये मेकाटिलिली वा मेंझा या प्रौढ विधवेने गावोगाव फिरून लोकांना मजूर न देण्याच्या शपथा घ्यायला लावल्या. तिला आणि तिचा सहकारी वांजे याला पकडून देशाच्या पश्चिम टोकाला, किसीला हद्दपार केले. तेथून ती दोघे निसटली आणि शेकडो मैलांची वाट तुडवून परत आली. ऑगस्ट १९१४ मध्ये सरकारने गिरियामांची मुख्य काया, काया फुंगो, सुरुंगाने उडवली. त्यानंतर उठाव झाला, तो काही आठवड्यांत मोडला गेला आणि उत्तर तीर रिकामा करण्यात आला. पण काही वर्षांतच ती हद्दपारी सरकारला गुंडाळावी लागली. जमीन ओसाड पडली होती आणि मजूर तरीही मिळाले नव्हते.

प्रशासनाची रचना आता सांगितली पाहिजे. सुरुवातीला प्रोटेक्टोरेटचे चार प्रांत होते. मोंबासाभोवतीचा सेयिदिए, लामूकडील तानालँड, उत्तरेचा जुबालँड आणि अंतर्भागातील उकांबा. पहिल्या दोहोंमधून पुढे किनारप्रांत आकाराला आला. जुबालँड १९२५ मध्ये इटलीकडे गेला. मोंबासा ही आरंभी साऱ्या प्रोटेक्टोरेटची राजधानी होती, परंतु १८९६ मध्ये तेथूनच निघालेली युगांडा रेल्वे १९०१ मध्ये व्हिक्टोरिया सरोवराला पोहोचली आणि १९०५ मध्ये राजधानी नैरोबीला हलली. किनारा तेव्हापासून देशाचा दरवाजा राहिला, माजघर नव्हे. प्रांताच्या प्रमुखपदी ब्रिटिश प्रांताधिकारी आणि त्याच्या हाताखाली जिल्हाधिकारी असत. पण पट्टीच्या आत सुलतानाचे लिवाली, मुदीर आणि काझी हेही कायम होते. मुसलमान प्रजेचे वारसा, विवाह आदी तंटे काझी सोडवी. रेषेबाहेर सरकारने नेमलेले मुखिये. एकाच जिल्ह्यात अशा दोन व्यवस्था शेजारी शेजारी नांदत. १९२० मध्ये तर त्यांना घटनात्मक रूपच मिळाले. अंतर्भाग ‘केनिया कॉलनी’ झाला, दहा मैलांची पट्टी ‘केनिया प्रोटेक्टोरेट’ राहिली. देशाचे अधिकृत नाव ‘केनियाची वसाहत आणि संरक्षित प्रदेश’ असे दुहेरी होते, आणि मोंबासाच्या किल्ल्यावर, ज्याचा ब्रिटिशांनी तुरुंग केला होता, सुलतानाचा लाल ध्वज फडकत राहिला.

स्वातंत्र्य जवळ आले तेव्हा या दुहेरीपणाचा हिशेब करणे भाग पडले. भाड्याने घेतलेला किनारा ब्रिटिश निघून जाताना कोणाला परत करायचा? ‘म्वांबाओ’ या नावाने अरब-स्वाहिली समाजातील एका गटाने स्वायत्ततेची, प्रसंगी स्वतंत्र राज्याची मागणी केली. मिजिकेंडा नेते, विशेषतः रोनाल्ड न्गाला, तिच्या विरुद्ध होते. सुलतानाची पट्टी म्हणजे आपल्या जमिनी गेल्या तो कागद, हे त्यांना विसरता येण्यासारखे नव्हते. त्यांना प्रांतिक अधिकार हवे होते, पण केनियाच्या आत. १९६१ मध्ये सर जेम्स रॉबर्टसन यांच्या चौकशीने पट्टी केनियात विलीन करण्याची शिफारस केली. ऑक्टोबर १९६३ मध्ये झांजीबारच्या सुलतानाने आपले सार्वभौमत्व सोडले. त्या बदल्यात जोमो केन्याटांनी काझींची न्यायालये, मुसलमानांचे धर्मस्वातंत्र्य आणि नोंदलेली जमीन-मालकी यांची हमी दिली. यातील तिसऱ्या हमीकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. १९०८ नंतर जे दाखले झाले ते स्वतंत्र देशाने जसेच्या तसे पत्करले, असा तिचा व्यावहारिक अर्थ होता.

१९६३ च्या राज्यघटनेत प्रदेशांना बरेच अधिकार होते आणि न्गाला किनारी प्रदेशाचे अध्यक्ष झाले. वर्षभरातच ही व्यवस्था मोडून सत्ता नैरोबीत एकवटली. राष्ट्राध्यक्षांनी नेमलेला प्रांताधिकारी, त्याखाली जिल्हाधिकारी, विभाग अधिकारी, चीफ आणि सहायक चीफ ही ब्रिटिशांची साखळी तशीच चालू राहिली. किनाऱ्यावरील सरकारी जमीन आता नैरोबीहून वाटली जाऊ लागली. समुद्रालगतचे भूखंड हॉटेलांसाठी वजनदार लोकांकडे गेले. लामू जिल्ह्यात म्पेकेटोनी येथे १९७० च्या दशकात अंतर्भागातील भूमिहीन कुटुंबांना वसवण्यात आले. त्या कुटुंबांची गरज खरी होती. पण स्थानिक बाजुनी आणि बोनी लोकांना त्याच जमिनीचे दाखले मिळाले नव्हते, हेही तितकेच खरे. जून २०१४ मध्ये म्पेकेटोनीवर झालेल्या हल्ल्यांत पन्नासाहून अधिक माणसे मारली गेली. हल्ल्याची जबाबदारी सोमालियातील अल-शबाबने घेतली. हिंसाचाराला जमिनीचे कारण पुरेसे होते असे म्हणणे चुकीचे ठरेल. पण जुना सल उकरून काढणे तेथे सोपे होते.

२००० नंतर ‘मोंबासा रिपब्लिकन कौन्सिल’ या संघटनेने ‘प्वानी सी केन्या’, म्हणजे किनारा केनिया नव्हे, ही घोषणा दिली आणि आपल्या मागणीसाठी १८९५ व १९६३ च्या करारांचा आधार घेतला. २०१० मध्ये सरकारने तिच्यावर बंदी घातली, ती २०१२ मध्ये मोंबासाच्या उच्च न्यायालयाने उठवली. या चळवळीतील एक विसंगती बोलकी आहे. तिच्या अनुयायांत भूमिहीन मिजिकेंडा तरुण मोठ्या संख्येने होते. ज्या कागदाने त्यांच्या आजोबांची जमीन गेली, त्याच कागदावर ते आपला हक्क सांगत होते. करारांचे कायदेशीर मूल्य काय, हा वकिलांचा प्रश्न. दाद मागायला लोकांना दुसरा कोणता कागद हाताशी नव्हता, हा इतिहासाचा प्रश्न आहे.

ऑगस्ट २०१० मध्ये जाहीर झालेल्या राज्यघटनेने काझींची न्यायालये कायम ठेवली, समूहाची जमीन हा मालकीचा स्वतंत्र प्रकार मान्य केला आणि राष्ट्रीय भूमी आयोगाला पूर्वीच्या अन्यायांच्या चौकशीचे काम दिले. २०१२ च्या भूमी-नोंदणी कायद्याने जुने कायदे रद्द केले. त्यांत १९०८ पासून चालत आलेला किनाऱ्याचा नोंदणी कायदा होता आणि हिंदुस्थानचा १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदाही होता. मात्र नवा कायदा अमलात येण्यापूर्वी जे हक्क व दाखले निर्माण झाले होते त्यांना तेव्हाचाच कायदा लागू राहील, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. त्यामुळे मोंबासा किंवा मालिंदीच्या न्यायालयात एखादा जुना दाखला आजही पुढे आला, तर त्याचा निवाडा करताना न्यायाधीशाला मुंबईच्या वाटेने तेथे गेलेली ती कलमे पुन्हा उघडावी लागतात.